आबांना एक गाणं ऐकवायचं होतं

टीव्हीच्या मागे वायरी कशा साठतात ते कधी बघितलंय? मुद्दाम कोणीच साठवत नाही. एक ओढायला जावं तर तिच्याबरोबर तीन येतात. त्यातली एक कशाची आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही, आणि तरी ती फेकायची हिंमत कोणाची होत नाही. आमच्या मंडळाचे किस्से असेच साठलेत. परवा एका मित्राने सहज विचारलं, "काय रे पंकज, तुझं ते गाण्याच्या मशिनांचं खूळ अजून चालू आहे का?" मी एक किस्सा ओढला. बिचाऱ्याची बस चुकली.

मंडळ म्हणजे चार माणसं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. जळगावात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो आणि उरलेला वेळ स्पीकरची तोंडं दोन-दोन बोटं इकडेतिकडे फिरवण्यात घालवतो. राकेशचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. त्याचे पणजोबा राजस्थानातून इथे आले आणि आता वांग्याचं भरीत किती तिखट असावं यावर तो आम्हाला शिकवतो. भंगाळे सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. आणि धुळ्याचे नाना, साठीचे, मंडप आणि लाउडस्पीकरवाले, एक रविवार आड एसटीने येतात. रविवारी सकाळी दहाला आमच्या पुढच्या खोलीत बैठक असते. आम्ही गाणी ऐकतो असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे आम्ही यंत्रं ऐकतो, गाणी मध्ये येतात.

आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. धरणगावला एका जिनिंग फॅक्टरीत तीस वर्षं फिटर होते. लहानपणी त्यांचे कान वाहायचे, त्यावर तीस वर्षं सरकी वेगळी करणाऱ्या मशिनांचा खडखडाट. निवृत्त होईपर्यंत कान जवळजवळ गेलेच. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तर ऐकू येतं, बाकी सगळं अंदाजाने. बोलणं मात्र अजून धरणगावच्या अहिराणीत.

आता माझं मत असं की चांगला आवाज हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. हे मत मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माइकवरून मांडलं होतं, आणि मागच्या रांगेपर्यंत ते पोचलं नव्हतं. तर मी ठरवलं, आबांना या घरात, माझ्या सेटवर, एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचं. त्यांचे कान गेलेत ही मला किरकोळ अडचण वाटायची. योग्य मशीन मिळालं की झालं.

* * *

सुरुवात स्पीकरपासून झाली. नानांकडे धुळ्याला जुन्या, उभ्या स्पीकरची जोडी पडून होती. साडेतीन फूट उंच, आतून-बाहेरून सागवान. आम्ही दोघांनी ती एसटीत घातली. पॉलिशला ओरखडा नको म्हणून नानांच्या घरच्या काकूंनी दोन्हींना पांढऱ्या चादरी गुंडाळून वर सुतळी बांधून दिली होती.

जळगावच्या स्टँडवर सर आणि राकेश घ्यायला आले. पहिला स्पीकर राकेशच्या स्कूटरवर कसाबसा गेला, तो त्याने दुकानात ठेवून परत यायचं ठरलं. दुसरा फारच जड निघाला. राकेश परत आल्यावर आम्ही चौघांनी तो आडवा केला आणि खांद्यावर घेतला. नाना मागून सारखे सांगत होते, "हळू. हळू. धक्का नको लागायला."

बाकावरची माणसं एकेक करून उभी राहिली. मला आधी काही कळलंच नाही. मला वाटलं जागा करून देतायत. एका आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यासोबत चार पावलं चालले.

"वय काय होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पंचवीस," मी म्हणालो. "पण आवाज अजून खणखणीत आहे."

आजोबांनी टोपी पुन्हा घातली आणि बोदवडच्या गाडीकडे झपाझप निघून गेले.

रिक्षावाल्याने घरापर्यंत सोडलं आणि भाडं घेईना. "असल्या कामाचे पैसे घेत नाही मी, भाऊ." मी खरं सांगायला तोंड उघडलं तर नानांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "गप ऱ्हा. एवढा चांगला माणूस भेटला, त्याचं पुण्य कशाला वाया घालवतो?"

दार आबांनी उघडलं. चादर सोडली तसा त्यांनी स्पीकरवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "लाकूड चांगलं शे."

मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो, "आवाजपण चांगला आहे, आबा."

"आसंल," आबा म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

* * *

मग मे महिना आला. जळगावचा मे ज्याने पाहिला नाही त्याला कूलर म्हणजे काय हे समजणार नाही. आमच्याकडे तो घरातला सदस्य असतो. पण कूलरच्या घरघरीत गाण्यातल्या बारीक जागा बुडून जातात. मी फर्मान काढलं: बैठकीत कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या.

चौघं बनियनवर बसलो. एका सारंगीवादकाचं रेकॉर्डिंग लावलं. डोळे मिटले. घाम कोपरावरून टपटप सतरंजीवर पडत होता, तो आवाजसुद्धा मला त्रास देत होता.

राकेश हळूच म्हणाला, "भाऊ, काय डिटेल आहे. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय."

"तो माझा आहे," सर म्हणाले. "मला दोन मिनिटं बाहेर बसू द्या."

तेवढ्यात दार उघडून आबा आत डोकावले. बंद कूलर पाहिला, बंद पंखा पाहिला, घामाने निथळणारे, डोळे मिटून बसलेले चार पुरुष पाहिले. दार लोटून घेतलं. मग स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. आईला सांगत होते, "लाईट गयी." आणि खाट उचलून बाहेर निंबाखाली गेले.

पाच मिनिटांनी आई आमच्यासाठी पुठ्ठ्याचे चार तुकडे घेऊन आली, वारा घ्यायला. दारातच थबकली. सारंगी तेव्हा पूर्ण आवाजात चालू होती.

* * *

वायरीचा किस्सा छोटा आहे. सांगायची इच्छा त्याहून छोटी आहे.

राकेशने परदेशातून स्पीकरची वायर मागवली. मखमली डबीत आली, वर बाण होते. आवाजाने कोणत्या दिशेने जायचं ते दाखवणारे. सर म्हणाले, असं मानायचं नाही, प्रयोग करायचा. डोळ्यांना पंचा बांधायचा, नाना वायरी बदलतील, आपण फक्त ऐकून नोंदी करायच्या. जिंकेल ती वायर आबांच्या गाण्यासाठी लावायची, असं मी जाहीर केलं.

पहिल्या फेरीत मला विशेष काही वाटलं नाही. दुसऱ्या फेरीत मात्र अंगावर काटा आला. गाणारी बाई मधोमध न राहता सरळ माझ्या डाव्या हाताशी येऊन उभी राहिली. मी पंच्याआडून आंधळ्यासारखं खरडलं: 'फापटपसारा गेला. आवाज एकवटला.' सर म्हणाले, "फरक आहे. मान्य करावं लागेल." राकेश तर उठून उभा राहिला. "हीच माझी वायर. ही नसेल तर दुकान बंद करतो."

पंचे सोडले. नाना शेंगदाणे खात बसले होते.

"उजव्या डब्याला वायर जोडायची राहून गेली," ते म्हणाले. "पण तुमचं बरं चाललेलं दिसलं, म्हणून बोललो नाही."

* * *

यानंतर मी माणसांवर विश्वास ठेवणं सोडलं आणि सॉफ्टवेअरकडे वळलो. खोलीत आवाज कसा फिरतो हे मोजणारं एक ॲप मिळालं. त्यात स्पीकरमधून एक सूर निघतो. अगदी खालून, पोटात गुरगुरल्यासारखा सुरू होतो आणि चढत चढत शिट्टीपर्यंत जातो. प्रत्येक जागेवर माइक ठेवून तो पुन्हा वाजवायचा. मी रविवारी दुपारी सतरा जागा मोजल्या.

दहाव्या वेळी गल्लीतली कुत्री जमली. तेराव्या वेळी शेजारचे झोपेकाका कुंपणावरून ओरडले, "पंकज, बोअर मारताय काय रे?"

"नाही काका."

"मग तो बोअरच्या गाडीसारखा आवाज कशाचा आहे? किती फुटांवर गेलात? आमचं पाणी आटलं तर बघ."

मी त्यांना घरात बोलावून सेट दाखवला, मोबाइलवरचा आलेख दाखवला, सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचं लक्ष दिवाणाकडे गेलं. अख्खी गल्ली जागी झाली होती आणि स्पीकरपासून चार फुटांवर आबा घोरत होते.

"हे सगळं यांच्यासाठी करतोय होय?" काकांनी विचारलं.

* * *

आवाजावर चालणारा स्पीकर आणला तो आबांच्या सोयीसाठी. बटणं नकोत, रिमोट नको. नुसतं बोलायचं, की तो गाणं लावतो. मी आबांच्या कानाशी ओरडून सगळं समजावलं आणि त्यांना त्याच्यासमोर बसवलं.

आबा जिनिंगमध्ये बोलायचे त्या आवाजात बोलले, "गानं लाव रे भाऊ."

स्पीकर गोड आवाजात म्हणाला, माफ करा, मला समजलं नाही.

आबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आणखी मोठ्याने म्हणाले, "गानं लाव म्हनस ना मी."

स्पीकर पुन्हा माफी मागू लागला. आबा पुन्हा बोलले. आता दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. शेवटी आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मुका शे यो."

आई दारात निवडायची मेथी घेऊन उभी होती. तिने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा त्या डब्याकडे.

"घरात एकाला ऐकू येत नव्हतं ते पुरलं नाही का रे," ती म्हणाली, "की दुसरा विकत आणलास?"

* * *

अक्काचा किस्सा सांगताना मला अजूनही जरा अपराधी वाटतं. अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण, धरणगावला असते. श्रावणात कानबाईच्या सणाच्या दिवसांत गल्लीतल्या बाया जमून गाणी म्हणतात, त्यात अक्काचा आवाज पहिला. कोणीतरी ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. आबांनी आयुष्यभर ऐकलेली गाणी, बहिणीचा आवाज. मला वाटलं, हेच ते गाणं. हे आबांच्या कानापर्यंत पोचलंच पाहिजे.

पण रेकॉर्डिंग घाण होतं, म्हणजे मला तसं वाटलं. टाळ्या, बांगड्या, मध्येच हसणं, कोणीतरी कोणाला सरकून बसायला सांगतंय, मागे पंचवीस बायांचा कल्ला. मी नवं सॉफ्टवेअर घेतलं. एका आवाजावर बोट ठेवायचं आणि बाकीचं पुसून टाकायचं. आठ दिवस संध्याकाळी तेच करत होतो. शेवटी अक्काचा आवाज असा निघाला, जसा धुऊन वाळत घातला आहे. एकटा, स्वच्छ.

आबांच्या कानाला हेडफोन लावून पूर्ण आवाज दिला. त्यांनी थोडं ऐकलं. "कोन शे ही?" त्यांनी विचारलं.

"अक्का आहे आबा. अक्का."

"अक्का?" ते गोंधळले. "अक्का एकली कसाले गास?"

मला ते काही पटलं नाही. आबांच्या कानांचाच दोष, असं म्हणून मी धरणगावला गेलो आणि खुद्द अक्काला ऐकवलं. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. सुरुवातीला हसली. मग तिचं हसू कमी होत गेलं.

"बठ्ठ्या बाया कोठे गयात रे?"

मी तिला समजावून सांगितलं, की सगळ्या बायांचा तो गोंधळ होता, तो काढण्यासाठी आठ दिवस खपलो.

अक्काने फोन माझ्या हातात परत दिला. "इतली मेहनत करीसन बाया हाकली दिन्यात," ती म्हणाली आणि सुनेला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं. चहा सुनेनेच दिला. अक्का आत निघून गेली होती.

* * *

कानाचं मशीन घ्यायला आबा तीन वर्षं नाही म्हणत होते. शेवटी आईच्या आग्रहाने गेले. दवाखान्यातल्या मॅडमनी एक तास घालवून ते त्यांच्या कानाला जुळवून दिलं. आई त्यांच्या शेजारीच बसली होती. नेहमीच्या सवयीने तिने वाकून विचारलं, "येतंय का ऐकू?"

आबा दचकले. "इतली जोरमा कसाले बोली ऱ्हायनी?"

आईने तोंडाला पदर लावला. मग अगदी हळू आवाजात काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आबांना आलं.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण ते मशीन मोबाइलला जोडता येत होतं, आणि त्याचं ॲप होतं, आणि ॲपमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्या होत्या. मला वाटलं, मॅडमनी फार सपाट लावलंय. गाण्यासाठी खाली थोडा दम हवा, वर थोडी चमक हवी. आबा चहा पीत असताना मी समोर बसून तीन दिवस खुंट्या फिरवत होतो. वहीत नोंदी करत होतो. चौथ्या दिवशी आबा धरणगावला पुतण्याच्या लग्नाला गेले.

परत आले तेव्हा मशीन खिशात रुमालात गुंडाळलेलं होतं.

"काय झालं आबा?" मी कानाशी ओरडलो.

"बठ्ठं ऐकू उनं," आबा म्हणाले. "घोडीना खुर, वाढप्यानी बादली, मंडपना पंखा. फक्त मानसं ऐकू उनात नही."

मशीन कपाटात गेलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा वर्षांनी एकदा हळू बोलले होते रे मी."

मी मशीन घेऊन मॅडमकडे गेलो, सगळं कबूल केलं. त्यांनी ते पुन्हा पहिल्यासारखं लावून दिलं आणि माझ्या फोनमधलं ॲप माझ्यासमोर काढून टाकलं. आता आबा ते जेवताना घालतात, आई समोर बसलेली असते तेव्हा. पण गाणं लावलं की काढून ठेवतात. त्यातून गाणं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं येतं म्हणे. आबांच्या कानांना आता हात लावायचा नाही, गाण्याचं नावही काढायचं नाही, असं मी आईला वचन दिलं होतं.

* * *

आणि मग राकेशच्या गोदामात, पातेल्यांच्या थप्प्यांमागे, त्याच्या आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर सापडला. सोबत तबकड्यांची पेटी. नवी सुई बसवली, पट्टा बदलला आणि तो आमच्या पुढच्या खोलीत आणून माझ्या सेटला जोडला. एका जुन्या गायिकेच्या ठुमऱ्यांची तबकडी लावली.

गाणं सुरू व्हायच्या आधीपासून मागे एक बारीक गुंजारव येत होता. घूंऽऽ असा, खालून.

सरांनी डोळे मिटले. "ही ऊब आहे," ते म्हणाले. "जुन्या तबकडीची ऊब. मोबाइलवर ही कधी मिळणार नाही."

आम्ही तीन रविवार त्या उबेवर चर्चा केली. राकेशने दोन मित्रांना मुद्दाम ऊब ऐकायला आणलं. मी तिच्यावर इंटरनेटवर मोठा लेख लिहिला, आणि हैदराबादच्या एका गृहस्थांनी कळवलं की त्यांच्या प्लेअरला एवढी ऊब नाही, काय करावं.

तिसऱ्या रविवारी नानाही आले होते. ठुमरी चालू असताना आबा पेपर शोधत आत आले. फिरणारी तबकडी बघून थांबले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डोळा तबकडीच्या पातळीवर आणून ती कशी फिरते ते पाहिलं. मग उठून स्पीकरपाशी गेले आणि त्याच्या लाकडावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी वचन दिलेलं असल्यामुळे जमिनीकडे बघत बसलो.

आबा बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात त्यांचा लांब पेचकस होता, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर.

"आबा, नाजूक आहे ते," मी उठायला लागलो.

नानांनी माझा हात धरून खाली ओढलं. "बस तू."

आबांनी पेचकसाचं टोक स्पीकरच्या बाजूला टेकवलं, मूठ दातात धरली आणि डोळे मिटले.

आम्ही बघत राहिलो. "जिनिंगचे फिटर असंच करतात," नाना हळू आवाजात म्हणाले. "माझा मेहुणा होता ना तिथे. साठ मशिनं एकदम चालू असली, तर कोणाचं बेअरिंग जायला आलंय ते कानाला कळत नाही. दातातून कळतं." धुळ्याचे नाना मला हे सांगत होते, माझ्या वडिलांबद्दल. माझ्या खोलीत बसून.

थोड्या वेळाने आबांनी पेचकस काढला. "बाई झकास गाई ऱ्हायनी," ते म्हणाले. "पन तिना मांगे मोटर रडी ऱ्हायनी."

सर समजुतीने हसले. पेपरची कड ओढून तिच्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आबा, ती मोटर नाही. ती ऊब आहे.' आबांनी चष्मा लावला, नीट वाचलं. प्राध्यापक माणसाचा मान ठेवून थोडा विचारही केला.

"सर, ऊब नही," ते म्हणाले. "तेल नही शे."

आईच्या शिलाई मशिनची तेलाची कुपी आली. आबांनी तबकडी उचलून माझ्या हातात दिली, पट्टा काढला, मोटरच्या दांड्याशी दोन थेंब सोडले, बोटाने दहा-बारा वेळा फिरवलं, धोतराच्या सोग्याला बोट पुसलं. पट्टा परत चढवला. मी तबकडी ठेवली, सुई ठेवली.

गाण्याच्या आधी काहीच नव्हतं. नुसती शांतता. मग बाईंनी श्वास घेतलेला ऐकू आला, आणि त्या गायला लागल्या. राकेश छताकडे बघत होता. सरांनी पेपरची घडी घातली, कड आतल्या बाजूला जाईल अशी.

आबांनी स्टूल ओढून स्पीकरजवळ घेतलं, पेचकस पुन्हा टेकवला, मूठ दातात धरली. एक हात पेचकसाला, दुसरा मांडीवर. पहिली ठुमरी संपता संपता मांडीवरचा हात हलायला लागला. आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. चहावर साय धरली तरी कोणी कप उचलला नाही. दुसरी ठुमरी झाली, तिसरी झाली, तबकडीची एक बाजू संपली. सुई मधल्या कागदाशी जाऊन टक, टक करू लागली.

मला राहवलं नाही. वचन मोडून मी आबांच्या डाव्या कानाशी वाकलो. "आबा, कसं वाटलं?"

आबांनी दातातला पेचकस काढला नाही. डोळेही उघडले नाहीत. मांडीवरचा हात फक्त वर उचलला आणि तव्यावरची भाकरी उलटवतात तसा पंजा पालथा केला.